आधी गिऱ्हाईक, मग यंत्र

(तेलगाव येथे बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीचा विषय ऐकून काही जण हसले. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखात, जिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकर लागतो, तिथे बंगल्यापुढच्या हिरवळीची निगा राखायचा धंदा आणि त्याला पहिलं गिऱ्हाईक कसं मिळवायचं, यावर बोलायचं म्हणजे काय? पण विषय तुमच्याच पोरांनी काढलेला आहे. गवत कापायचं यंत्र घ्यावं आणि लॉनची, बागेची, आवाराची कामं धरावीत असा विचार करणारी पोरं या भागात आहेत. त्यांचा प्रश्न सरळ आहे. यंत्र मिळतं, त्यासाठी कर्जही मिळतं, पण काम कोण देणार?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. शेतीमालाचा भाव पाडायचा आणि शेतकरी बुडाला की त्याला 'जोडधंदा कर, कोंबड्या पाळ' असं सांगायचं, या उपदेशावर आपण सतत टीका केली आहे. ती टीका आजही खरी आहे. कापसाला रास्त भाव मिळाला तर कापूसवाल्याला दुसऱ्याच्या अंगणातलं गवत कापायला जावं लागणार नाही. भावाची लढाई या धंद्याने संपत नाही. पण घरात चार हात आणि शेतात दोन हातांचं काम अशी स्थिती असेल, आणि उरलेले दोन हात कोयता घेऊन उसाच्या फडावर किंवा पिशवी घेऊन पुण्याच्या गाडीत चढत असतील, तर त्या हातांना इथेच घामाचे दाम मिळवून देणं हे सुद्धा आपलंच काम आहे.

गिऱ्हाईक शोधायची सवय आपल्याला का नाही?

भावांनो, आपण शेतकरी पिकवण्यात कुणाला हार जाणार नाही. पण गिऱ्हाईक शोधायची वेळ आली की आपले पाय अडखळतात. याचं कारण आळस किंवा अडाणीपणा नाही. आपल्याला गिऱ्हाईक निवडूच दिलं नाही.

कापसाचं बघा. 1972 पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. सरकार हेच एकमेव गिऱ्हाईक. केंद्रावर गाड्यांची रांग लावायची, ग्रेडर म्हणेल ती प्रत मान्य करायची आणि पैशाची वाट बघायची. 2002 मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली, तोवर एक पूर्ण पिढी अशी गेली की तिने कापसाचं गिऱ्हाईक स्वतः कधी निवडलंच नाही. उसाला कारखान्याची झोनबंदी होती. ज्वारीची लेव्ही जुन्या माणसांना आठवत असेल. बाकीचा माल बाजार समितीच्या आवारात अडत्यापुढे ओतायचा आणि पट्टी घेऊन घरी यायचं. फळं आणि भाजीपाला तिथून मोकळा व्हायला 2016 साल उजाडलं.

1991 मध्ये शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम दिला. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. त्यातल्या व्यापार शेतीचा अर्थ बाजारात आपल्या पायांनी उतरणं. तो धडा शिकायला लॉनचं काम हे लहान आणि कमी भांडवलाचं ठिकाण आहे. इथे ना लेव्ही, ना झोन, ना अडत. तुम्ही आणि गिऱ्हाईक समोरासमोर.

शत्रूशी ओळख हेच भांडवल

शहरातला माणूस ज्याला लॉन म्हणून मिरवतो ते बहुतेक ठिकाणी काय असतं? हरळी! आपण पाळी घालताना, कुळवताना जिच्या मुळ्या वेचून बांधावर फेकतो तीच. गणपतीला वाहायच्या दूर्वा म्हणजे सुद्धा तीच. गोल्फच्या मैदानावरही हरळीच्याच जाती लावतात. ती तुडवली तरी मरत नाही, पाणी तुटलं तर वाळते आणि पाऊस पडला की जमिनीतल्या मुळ्यांतून पुन्हा फुटते. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

लॉनमध्ये सगळ्यात त्रास देतो तो लव्हाळा. वरचं पातं उपटलं तर खालची गाठ तशीच राहते आणि आठवड्यात पुन्हा वर येते. लॉन पिवळं पडून चकत्या-चकत्यांनी उचलून येऊ लागलं तर खाली हुमणी असू शकते, मुळं खाणारी. ऊसवाल्यांना ती चांगली माहीत आहे. हे ओळखायला पुस्तक लागत नाही. खुरपं घेऊन मूठभर माती उकरली की कळतं.

शिकायच्या गोष्टीही आहेत. कापताना पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एकदम कापू नये, नाही तर हिरवळ पिवळी पडते आणि मोकळ्या जागेत तण घुसतं. पाणी रोज शिंपडून वरवर देण्यापेक्षा दिवसाआड खोल द्यावं, म्हणजे मुळी खाली जाते. पाण्याच्या टंचाईत कापणी उंच ठेवावी आणि हरळीला विश्रांती घेऊ द्यावी. 'उन्हाळ्यात हिरवळ वाळली तर घाबरू नका, मुळी जिवंत आहे, टँकर मागवू नका' असा सल्ला जो देईल त्याच्यावर बीडमधला माणूस विश्वास ठेवील.

एक धोका ध्यानात ठेवा. लॉनमधलं रुंद पानाचं तण मारायला टू-फोर-डी वापरतात. कापसाला हे औषध फार बाधतं. त्याचा नुसता वारा लागला तरी पानं बारीक, लांबट, बोटांसारखी होतात. ज्या पंपाने टू-फोर-डी मारलं तो पंप पुन्हा कापसात वापरायचा नाही. लॉनच्या कामाने दोनशे रुपये मिळवले आणि त्याच पंपाने घरचा दोन एकर कापूस घालवला, असं व्हायला नको.

पहिलं काम कोण देतो?

पहिलं काम बहुधा ज्याने तुमचं काम आधी पाहिलं आहे तोच देतो. जाहिरात वाचून येणारं गिऱ्हाईक पुढचं.

जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला, पेशव्यांकडे फुलं पुरवली, आणि धंद्यावरूनच फुले हे नाव पडलं. नाव नंतर आलं, काम आधी होतं.

अलीकडचं उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड पुण्यात टेल्को कंपनीत इंजिनियर म्हणून लागले. कंपनीत पडून राहिलेल्या जुन्या केबल कशा वापरता येतील हे त्यांनी दाखवलं आणि कंपनीचा मोठा खर्च वाचवला. गावाकडची पोरं काम मागत होती. त्यांनी कंपनीकडेच शब्द टाकला आणि 1997 मध्ये आठ माणसांवर कारखान्याच्या साफसफाईचं काम घेतलं. तीच पुढे भारत विकास ग्रुप, म्हणजे बी.व्ही.जी. झाली. साफसफाई, इमारतींची देखभाल, बागा असं काम वाढत गेलं. 2014 मध्ये राज्यात 108 नंबरची रुग्णवाहिका सुरू झाली तीही याच कंपनीने चालवायला घेतली.

प्रत्येकाची बी.व्ही.जी. होईल असं मी म्हणत नाही. पण त्यांचं पहिलं गिऱ्हाईक कोण होतं ते बघा. त्यांचं काम डोळ्यांनी पाहिलेली कंपनी! मग तुमचं काम कुणी पाहिलं आहे? ज्याच्या मोसंबीच्या बागेत तुम्ही मजुरी केली त्याने. ज्याच्या दुकानातून दहा वर्षं खत-औषध घेता आणि वेळेवर पैसे देता त्याने. ज्या शाळेत तुमची पोरं शिकतात तिथल्या मुख्याध्यापकांनी. पहिली पाच नावं या माणसांत सापडतील. त्यांच्याकडे लॉन नसेल, तर कुणाकडे आहे ते त्यांना माहीत असेल, आणि 'मी पाठवलं म्हणून सांग' हा त्यांचा शब्द छापील कागदापेक्षा वजनदार असतो.

चौफुलीवरची यादी

तेलगाव हे फाट्याचं गाव. इथून बीड, परळी, माजलगाव आणि धारूर या चारी दिशांना रस्ते जातात. मोटारसायकलवर अर्ध्या तासात जिथे पोचता येतं तेवढाच पहिला मुलूख धरा. त्यापुढचं काम पेट्रोल खाऊन टाकतं.

या मुलखात हिरवळ आणि गवत कुठे आहे? पहिलं म्हणजे मंगल कार्यालयं. आपल्याकडे 'लॉन्स' या शब्दाचा अर्थच लग्नाचं मैदान असा झाला आहे. दुसरं, पेट्रोल पंप आणि मोठे ढाबे. तिसरं, डॉक्टरांचे दवाखाने आणि बंगले. चौथं, शाळा, कॉलेज आणि कारखान्यासारख्या मोठ्या संस्थांची आवारं. पाचवं, फळबागा. आणि सहावं गिऱ्हाईक नवं आहे, सौर प्रकल्प. 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत राज्यात ठिकठिकाणी जमिनीवर पॅनेल उभी राहिली. पावसाळ्यात गवत वाढून पॅनेलवर सावली पडते, वीज कमी होते, आणि तेच गवत वाळलं की आगीची भीती. त्यांना हिरवळ नको आहे, पण गवत कापणारा माणूस हवा आहे, आणि तोही दरवर्षी.

वहीत नुसती नावं लिहू नका. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा. काम द्यायचं कोण ठरवतो? आज ते काम कोण करतो? त्याच्या कामाबद्दल तक्रार काय आहे? ही तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. मंगल कार्यालयवाल्याला हिरवळीच्या सौंदर्याशी कर्तव्य नसतं. त्याची तक्रार अशी की माळी सांगितल्या दिवशी येत नाही आणि सकाळी वऱ्हाड येतं तेव्हा मैदान अर्धं कापलेलं असतं. त्याला 'मी चांगलं कापतो' हे सांगून उपयोग नाही. 'लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत काम संपेल, नाही संपलं तर पैसे देऊ नका' हे त्याला ऐकायचं आहे.

वेळ साधा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. कार्यालयवाल्याकडे नवरात्रात जा, तेव्हा तो तयारीच्या विचारात असतो. सौर प्रकल्प आणि शाळांकडे मृगाच्या आधी जा. शेताचा हिशेबही विसरू नका. गवत जोमाने वाढतं तेव्हाच आपल्या कापसाची खुरपणी आणि कोळपणी असते, आणि लग्नसराई सुरू होते तेव्हा वेचणी चालू असते. ज्या घरात तेव्हा एकही हात मोकळा नाही त्या घराने या धंद्यात पडू नये.

भेटायला गेल्यावर आधी ऐका. मग रस्त्यावरून दिसेल असा एक कोपरा करून दाखवा, अर्धा गुंठा पुरे. सगळं मैदान एकदा फुकट करून देऊ नका. जो फुकट घेतो तो दुसऱ्यांदा दाम देताना कुरकुरतो, आणि मग शेजारीही फुकट मागतो.

'बाजारात तुरी' करू नका

आता कळीचा मुद्दा. 2015 पासून मुद्रा योजना आहे, दुकानदार हप्त्यावर यंत्र देतो, म्हणून पोरगा आधी यंत्र घेतो. कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो. गिऱ्हाईक मात्र तारीख बघून येत नाही. ट्रॅक्टर घेतलेल्या किती घरांत हे झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. ट्रॅक्टर दारात, काम कुठे ते ठाऊक नाही, आणि हप्त्यापायी शेत गहाण.

म्हणून क्रम उलटा करा. पहिली पाच कामं भाड्याच्या किंवा मागून आणलेल्या यंत्राने करा. भाड्यात नफा गेला तरी चालेल. पाचांपैकी तिघांनी दुसऱ्यांदा बोलावलं तर यंत्र घ्या. नाही बोलावलं, तर तुम्ही पंधरा हजारांचं कर्ज वाचवलंत. मोठ्ठी कमाई झाली असं समजा.

घामाचे दाम

आपली घोषणा काय आहे? 'भीक नको, हवे घामाचे दाम.' मग दर सांगताना तोंडात पाणी का धरायचं? कापसाचा उत्पादन खर्च सरकारने मांडू दिला नाही, ज्वारीचा मांडू दिला नाही. इथे पेन्सिल आपल्या हातात आहे.

समजा यंत्र 15,000 रुपयांचं आणि ते दोन वर्षं चाललं. वर्षाचा घसारा 7,500. शेकडा 12 दराने व्याज 1,800. दोर, पाती, तेल, दुरुस्ती 4,500. वर्षाचे झाले 13,800. वर्षात 120 दिवस काम मिळालं, तर यंत्राचा खर्च दिवसाला 115 रुपये. पेट्रोल 210, जाण्यायेण्याचे 75, आणि स्वतःची मजुरी 600. एकूण 1,000 रुपये. दर पाच दिवसांच्या कामामागे एक दिवस फुकट जातो. पाऊस येतो, गिऱ्हाईक परत पाठवतो, पैसे मागायला खेटे पडतात. त्या दिवसाचे 200 धरा. झाले 1,200. दिवसात आठ गुंठे कापून, गोळा करून होत असेल, तर गुंठ्याला 150 रुपये. हे आकडे समजुतीसाठी आहेत. तुमचे तुम्ही घाला. पण एकही रकाना सोडू नका, विशेषतः स्वतःच्या मजुरीचा.

गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, हे गिऱ्हाइकापुढे टेप लावून मोजा. नजरेने ठरवलेल्या मापात गरीबच मार खातो. आता कुणी 80 रुपये गुंठ्याने करून देतो म्हणाला, तर त्याला आठ गुंठ्यांचे 640 मिळतात. यंत्र, पेट्रोल आणि प्रवास यांचे 400 गेले की हातात 240. म्हणजे त्याने स्वतःच्या मजुरीवर दरोडा घातला. शेतीत हा दरोडा दुसरे घालतात. धंद्यात आपणच आपल्यावर घालायचा का? पहिल्या गिऱ्हाइकाला जो दर लावाल तोच गावभर होतो. म्हणून पहिला दर पडेल भावाने लावू नका.

पैसे प्रत्येक फेरीनंतर रोख घ्या, किंवा मोबाइलवर तिथेच. महिन्याचं ठरलं असेल तर अर्धे आधी. सरकारी कार्यालयाचं काम पहिल्या वर्षी धरू नका. त्यांचं बिल निघेपर्यंत तुमचं पेट्रोल कोण भरणार? बोलणी एका कागदावर लिहा. किती गुंठे, किती दिवसांनी, कचरा कोण उचलणार, दर किती. दोघांच्या सह्या. वकील लागत नाही.

मायबहिणींचा वाटा

यंत्र पोरगा चालवील, पण लव्हाळ्याची गाठ काढायला खुरपं लागतं आणि खुरप्यातली जाणकारी बायकांच्या हातात आहे. लॉन टिकतं ते खुरपणीवर. म्हणून या कामाला मदतनीस म्हणून अर्ध्या मजुरीवर बायकांना नेलेलं आम्हाला चालणार नाही. दरात खुरपणीचा रकाना वेगळा धरा आणि तो पैसा खुरपणाऱ्या बाईच्या हातात द्या. बचत गटांनी चार-पाच जणींची तुकडी करून कार्यालयांची आणि दवाखान्यांची खुरपणी थेट स्वतःच्या नावावर धरली, तर आणखी चांगलं.

जिवाचीही काळजी घ्या. फिरत्या पात्याने उडालेला खडा डोळा फोडतो. डोळ्याला चष्मा, पायात बूट आणि कापताना आसपास लेकरं नाहीत याची खात्री, एवढं झाल्याशिवाय दोरी ओढायची नाही.

दुसरं गिऱ्हाईक पहिल्याच्या शेजारी असतं

पहिलं काम झालं की निघायच्या आधी मालकाला सोबत घेऊन मैदानावर एक चक्कर मारा. राहिलेलं त्यालाच दाखवू द्या आणि तिथल्या तिथे करा. मग एवढंच विचारा, 'तुमच्या ओळखीत अजून कुणाला लागेल का?' समाधान झालेला माणूस दोन नावं देतो. त्यातलं एक त्याच रस्त्यावरचं धरा. एका दिशेला पाच कामं असली तर एका फेरीत होतात. चार दिशांना पाच कामं असली तर कमाई रस्त्यावर सांडते.

आणि आलो म्हणून सांगितलं की जायचं. घरी पाहुणे आले, यंत्र बिघडलं, तर आदल्या दिवशी फोन करायचा. शब्द पाळणारा माणूस बाजारात दुर्मीळ आहे, आणि त्या मालाला सध्या चांगला भाव आहे.

भावांनो, पुढच्या बैठकीला येताना ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांनी यंत्राची किंमत विचारत येऊ नये. वहीत दहा नावं, प्रत्येक नावापुढे तीन रकाने आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या मजुरीसकट काढलेला खर्च, एवढं घेऊन यावं. आपण एकमेकांच्या वह्या तपासू. ज्याला गवत कापायचा दर छातीठोक सांगता येतो, तोच उद्या कापसाचा दरही छातीठोक मागतो. शेतकरी संघटनेला अशी माणसं हवी आहेत.

जय किसान!